माडांमधून जाणारी लाईन

पहाटे साडेपाच. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. अंगणात आलो की पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या खांबाकडे कान जातो. रात्रभर खारा वारा सुटला असेल तर इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, दवाने तो भिजतो आणि वरून चर्र चर्र आवाज येत राहतो. आज आवाज आहे. पहिली सर आली की हाच खांब लाईन पाडणार. डायरीत नंबर लिहून ठेवला.

अलिबागकडच्या अष्टागरातल्या नारळ-सुपारीच्या वाड्यांमध्ये वायरमन म्हणून माझी एकोणीस वर्षं गेली. आमची बावीस केव्हीची लाईन या वाड्यांमधूनच जाते.

सव्वाआठ. सबस्टेशनला फोन लावून परमिट घेतलं. ऑपरेटरने फिडर बंद केला, मी एबी स्विच उघडून कुलूप घातलं, तरीही दोन्ही बाजूंना अर्थिंगची साखळी टाकल्याशिवाय शिडीला हात लावत नाही. हल्ली कॉटेज वाढल्या आहेत. लाईट गेले की प्रत्येक जण जनरेटर चालू करतो, आणि एखाद्याचा चेंजओव्हर स्विच नीट नसेल तर करंट उलटा डीपीच्या ट्रान्सफॉर्मरमधून लाईनवर चढतो. बंद लाईनवर माणसं अशीच मेली आहेत.

आज ज्यांच्या वाडीत काम होतं ते तात्या बेड्याशीच उभे होते.

"आलास? या माडाला हात लावायचा नाही."

"तात्या, पाऊस आठवड्यावर आलाय. एक झावळी टेकली तरी सगळं गाव अंधारात."

"दर वर्षी हेच सांगतोस. माड माझ्या आजोबांनी लावलाय. तुझा खांब मागाहून आला."

कार्यालयाच्या कागदावर या कामाला 'फांद्या छाटणे' म्हणतात. माडाला फांदी नसते. त्याला एकच शेंडा, तो गेला की झाड गेलं. वर्षाला साधारण बारा पानं फुटतात आणि एकेका पानाच्या बेचक्यात एकेक पोय येते. हिरवी झावळी कापली की तिच्या आधाराने टेकलेला घड लोंबकळतो, कोवळी फळं गळतात. आंब्याची फांदी पुन्हा फुटते, इथे मात्र मी कोयता मारला की तात्यांचं त्या महिन्याचं उत्पन्न गेलं. हे कळायला मला काही वर्षं लागली. आधी मीही त्यांना अडेलतट्टू म्हणायचो.

आज तीन झावळ्या काढल्या, पाचवरून तीनवर आलो. तात्या घरात निघून गेले, नेहमी मिळणारा चहा आज मिळाला नाही.

अकरा. आता या लाईनच्या जोडीला खांबांची आणखी एक रांग यायची आहे. लोड वाढलाय, हे खरं. आखणी गेली ती पुन्हा वाड्यांमधूनच. गावाने अडवली, तारा जमिनीखालून न्या म्हणून. पांढऱ्या चुन्याच्या खुणा पोरांनी पुसल्या, म्हणून मला पुन्हा टेप धरायला पाठवलं होतं. मी खुणा केल्या नाहीत. त्याऐवजी पाखाडीच्या कडेकडेने पहिल्या वाडीपासून शेवटच्या वाडीपर्यंत अंतर मोजलं. दीड किलोमीटरला थोडं कमी भरलं. त्यापुढे भाताची खाचरं लागतात, तिथे खांब कुणाला नडत नाही.

दुपारी जेवून पडलो, पण झोप नाही. जूनच्या तोंडावर मला ३ जून २०२० आठवतोच. निसर्ग वादळ दुपारी आलं. वाऱ्याने एकटा खांब क्वचितच पाडला. आधी माड, पोफळी तारांवर पडल्या आणि तारांनी खांबामागून खांब ओढून आणले. ऐन टाळेबंदीत बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं आली, खांब खांद्यावर वाहिले, तरी आतल्या वाड्यांत कुठे पंधरवडा, कुठे महिना अंधार होता. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं आणि नवे उभे केलेले खांब पुन्हा वाकले. विशाखापट्टणमला २०१४ च्या हुदहुद वादळानंतर तारा जमिनीत घालायला घेतल्या. इकडे अलिबाग शहरातही चक्रीवादळाचा धोका कमी करायच्या राष्ट्रीय प्रकल्पातून, जागतिक बँकेच्या कर्जावर केबल टाकल्या. शहराची वेस ओलांडली की वर तारा आणि माड पुन्हा सुरू.

चार. ग्रामसभा. वीज कंपनीच्या साहेबांनी जमिनीखालच्या केबलच्या खर्चाचा आकडा सांगितला, खांबांपेक्षा कित्येक पट. एक काकी उठल्या. "आम्ही वीज नको म्हणतोय का? पंप आमचाही विजेवर चालतो. खांब नको म्हणतोय."

मग सरपंचांनी मला बोलायला लावलं. नोकरी कंपनीची, घर गावात. जे माहीत आहे ते सांगितलं. केबल मीटरभर खोल, रेतीत, वर विटा लावून घालावी लागते. बिघडली तर वर बघून दिसत नाही, टेस्टिंगची व्हॅन येते, कुठल्या जागी गेली ते शोधण्यात अर्धा दिवस जातो, मग खड्डा, मग जॉइंट. जॉइंट हलक्या हाताने केला तर पहिल्याच पावसात पाणी शिरतं. नळाच्या पाइपासाठी कुणी न विचारता जेसीबी घातला तर केबल तुटते. "हे सगळं कबूल असेल तर मागा," म्हटलं. "आणि सगळी मागू नका. वाड्यांमधली दीड किलोमीटर मागा, खाचरात खांब राहू द्या." केबलच्या पेट्या उंच चौथऱ्यावर बसवा, भरतीचं पाणी चढतं, हेही सांगितलं.

साहेबांनी वहीत दीड किलोमीटर लिहून घेतलं. एवढंच झालं. पण आजवर 'सगळं गाव' आणि 'काहीच नाही' या दोनच गोष्टींवर भांडण होतं. खर्च मोजताना कंपनी खड्डा मोजते, दर वर्षीची तोडणी, वादळानंतरचे खांब आणि तात्यांचे घड कुणी त्यात धरत नाही. ते धरायला हवेत, असं मी साहेबांना बाहेर येऊन सांगितलं.

रात्री दहा वीस. फोन. फिडर ट्रिप. विजेरी घेऊन निघालो. तात्यांच्या वाडीमागच्या उंच माडाची वाळकी झावळी दोन तारांवर आडवी पडली होती. त्या माडापर्यंत माझी शिडी पोचत नाही, आणि लाईनपासून तो लांब म्हणून कागदावर तो येतही नाही.

परमिट, कुलूप, साखळी. तात्या कंदील घेऊन आले, न सांगता शिडी धरली. झावळी खाली सोडली. एक जंपर जळला होता, तो बांधला. पावणेबाराला लाईन चालू झाली.

डीपीजवळ बसून रजिस्टर भरलं. खांब क्रमांक, वेळ, कारण. कारणाच्या रकान्यात 'झावळी', या महिन्यात चौथ्यांदा. तात्या ती झावळी ओढत घराकडे निघाले होते. पडवीला पावसाच्या झडीसाठी झाप विणायचेत, म्हणाले, आणि जाता जाता विचारलं, "चहा घेतोस?"