साक्षीदार फितूर होतो की केला जातो?

२८ एप्रिल २०१४ रोजी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील खर्डा येथे नितीन आगे या १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. लोकांनी साक्षीदारांना दोष दिला. आमचा सवाल आहे, त्या साक्षीदारांच्या पाठीशी कोण उभे होते?

अमेरिकेने १९७० च्या कायद्याने माफियांविरुद्ध बोलणाऱ्याला संरक्षण दिले. तेथे साक्षीदाराला नवे नाव, नवे गाव आणि जगण्याचा खर्च मिळतो. वर्णद्वेषी राजवट संपवून उभ्या राहिलेल्या दक्षिण आफ्रिकेने १९९८ मध्ये यासाठी खास कायदा करून स्वतंत्र कार्यालयाची तरतूद केली. आपल्याकडे मात्र सर्वोच्च न्यायालयाला ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंद्र चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजना लागू करावी लागली. तिच्यात निर्णय जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती घेते, पण धोका किती आहे याचा अहवाल पोलीसच देतात! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९८ प्रत्येक राज्याला अशी योजना करण्यास सांगते.

परंतु कुरुंदवाडच्या आसपासच्या खेड्यातला मजूर नाव बदलून जाणार कुठे? कृष्णा-पंचगंगेच्या या ऊसपट्ट्यात त्याची मजुरी आरोपीच्या भावकीच्या शेतात असते. त्याला फोडायला कोयता लागत नाही. कामाचा सांगावा बंद झाला, दुकानातली उधारी तुटली, की अर्धी साक्ष तिथेच मरते. पिस्तुलाचा धाक पोलिसांच्या अहवालात येईल, विझलेली चूल येईल काय?

उत्तर कायद्यातच आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. साक्षीदाराला संपूर्ण संरक्षण, प्रवास व निर्वाह खर्च, सामाजिक-आर्थिक पुनर्वसन आणि गरज पडल्यास स्थलांतर हे आता त्याचे हक्क आहेत. दलितांवर सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे हाही याच कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे: फिर्याद नोंदवून थांबू नका. त्याच आठवड्यात साक्षीदारांच्या संरक्षणाचा आणि निर्वाह खर्चाचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कामावरून काढले, दुकान बंद केले, तर तारखेसह लिहून ठेवा आणि विशेष न्यायालयापुढे मांडा. मोर्चा एका दिवसाचा असतो. साक्षीदाराला मात्र निकाल लागेपर्यंत त्याच गावात जगायचे असते.