नोकर की कारागीर?

माझा भाचा सिव्हिल इंजिनीअर आहे. पुण्याजवळ एका बांधकाम कंपनीचे काम करतो. ‘नोकरीला आहे’ असे मी सगळ्यांना सांगत असे. तसे नाही, हे मागच्या पावसाळ्यात कळले. साइटवर घसरून त्याच्या पायाचे हाड मोडले, दोन महिने तो घरी पडून होता आणि त्या दोन महिन्यांचा एक पैसाही मिळाला नाही. विचारायला गेला तर उत्तर आले, ‘‘तुम्ही आमचे नोकर नाही, सल्लागार आहात. सल्लागाराला रजा कसली?’’ तो कराराचा कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही शब्दांत वावरणारे. यातला सल्लागार म्हणजे नेमका कोण, ते सांगा.’’

मी बी.ए. झालेला कवी. हिशेबाच्या वहीशी माझे कधी जमले नाही. पण प्रश्न शब्दाचाच निघाला. म्हणून जाणकारांना विचारून, काही निकाल वाचून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवतो.

माणूस कामावर ठेवणे वेगळे आणि काम सोपवणे वेगळे. पहिल्यात पगार असतो, दुसऱ्यात फी किंवा मजुरी. आयकराचा कायदाही हाच भेद मानतो. पगारदाराचा कर मालक त्याच्या वर्षभराच्या अंदाजी उत्पन्नावरून कापतो. व्यावसायिकाच्या फीमधून, वर्षाची रक्कम ५० हजारांवर गेली की, सरसकट १० टक्के कापले जातात. मग त्याचे उत्पन्न करपात्र असो वा नसो. १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली, कलमांचे आकडे बदलले; भेद मात्र तोच राहिला.

भाच्याला सही करताना सांगितले होते, ‘‘कर वाचेल.’’ तो हिशेब आम्ही मांडून पाहिला. महिना ५० हजार, वर्षाचे ६ लाख. इंजिनीअर, डॉक्टर, वकील अशा ठरावीक व्यावसायिकांना निम्मी जमा हेच उत्पन्न म्हणून दाखवण्याची सोय आहे. त्याप्रमाणे त्याचे उत्पन्न ३ लाख, कर शून्य. आता तो पगारदार असता तर? नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्यच. म्हणजे वाचण्यासारखा करच नव्हता! उलट दरमहा ५ हजार, वर्षाचे ६० हजार कापले जात होते आणि विवरणपत्र भरल्याशिवाय ते परत मिळणार नव्हते. दोन वर्षे त्याने ते भरलेच नव्हते. ‘‘कर कापला गेला, म्हणजे झाले,’’ अशी त्याची समजूत. गेले काय, तर पगारी रजा, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटा.

मग कागदावर ‘सल्लागार’ लिहिले की माणूस सल्लागार होतो का? नाही. पाहिला जातो तो प्रत्यक्ष व्यवहार. काम कसे करायचे हे कोण ठरवतो? वेळ कोणाची, हत्यारे कोणाची? आपल्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो का? इतरांची कामे घेता येतात का? नफा-तोट्याची जोखीम कोणाच्या डोक्यावर? यातल्या एकाच उत्तरावर निकाल लागत नाही; सगळी उत्तरे एकत्र तोलावी लागतात.

१९५६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे कच्छच्या रणातल्या मिठागरांचा खटला आला. तिथले अगरिया मिठाच्या वजनावर मोबदला घेत, बायकामुलांसह राबत, वेळेचे बंधन नसे. कंपनी म्हणे, हे स्वतंत्र ठेकेदार. पण कामाच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती. न्यायालयाने त्यांना कामगार ठरवले. १९७३ साली आंध्र प्रदेशातल्या एका शिलाई दुकानाचे प्रकरण आले. शिंपी नगावर पैसे घेत, काही काम घरीही नेत. पण यंत्रे दुकानाची आणि कापड पसंत पडले नाही तर परत शिवायला लावण्याचा अधिकारही दुकानाचा. तेही नोकरच ठरले.

हे निकाल कामगार कायद्यांखालचे; पण आयकराच्या वादातही याच कसोट्या लागतात. उत्तर दरवेळी ‘नोकर’ असेच येते असे मात्र नाही. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या डॉक्टरांना पगारदार माना, असे आयकर खात्याचे म्हणणे होते. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. त्या डॉक्टरांना बाहेर प्रॅक्टिसची मुभा होती. निधी, ग्रॅच्युइटी असे लाभ नव्हते. इथे मला एक काटा टोचला. जे लाभ दिले नाहीत, त्यांचा अभावच ‘नोकर नाही’ याची खूण म्हणून मोजला जातो. मोठ्या डॉक्टरचे त्यात काही अडत नाही. माझ्या भाच्याचे अडते. तो सकाळी नऊला हजेरी लावतो, सुट्टीसाठी अर्ज करतो, दुसरे काम घेऊ शकत नाही.

१९७३ चा तो निकाल मी दोनदा वाचला. माझे अब्बा शिंपी होते. पेठेतल्या एका दुकानात तीस वर्षे नगावर शिवत. ईदच्या आणि दिवाळीच्या आधी रात्र रात्र यंत्र चाले. मालक कौतुकाने म्हणे, ‘‘उस्ताद, तुम्ही नोकर थोडेच? तुम्ही कारागीर!’’ अब्बांना त्याचा अभिमान वाटे. डोळे अधू झाले, सुईत दोरा जाईना, तेव्हा ते घरी बसले. यंत्र दुकानाचे होते, दुकानातच राहिले. घरी आले ते एक अंगुस्तान.

कारागीर म्हणवून घेण्यात कमीपणा नाही. ज्याचे काम खरोखर स्वतंत्र आहे, त्याने ते अभिमानाने करावे. मात्र सही करण्याआधी कागद वाचावा. कापलेला कर आपल्या पॅनवर जमा होतो का, ते पाहावे आणि विवरणपत्र वेळेवर भरावे. हजेरी, रजेचे अर्ज, साहेबांच्या लेखी सूचना यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. व्यवहार काय होता ते त्याच सांगतात.

भाच्याने मागची विवरणपत्रे भरायला एक जाणकार गाठला आहे. कंपनीलाही त्याने पत्र लिहिले आहे. मसुदा मी तपासून दिला. त्यात विशेषणे नाहीत, फक्त प्रश्न आहे: मी तुमचा कोण?