थोड्या मोलाच्या चांगल्या वाईन : चाखून केलेली पारख

गेल्या मार्गशीर्षांत निफाड तालुक्यांतील आमचे एक सभासद आमच्याकडे आले व म्हणाले, “एका वाईन कारखान्याचा माणूस शिराझचा करार घेऊन दारीं बसला आहे. दोन एकर लावूं कां, तें आपण सांगा.” आम्हीं त्यांस उलट विचारलें कीं, शिराझची वाईन आपण कधीं चाखली आहे काय? गृहस्थ थोडे संकोचले. 2005 सालापासून चार वर्षें त्यांनीं शेनिन ब्लांची बाग राखिली होती. पुढें कारखान्यानें माल उचलणें थांबविलें, घड वेलीवरच सुकले आणि शेवटीं बागेवर कुऱ्हाड चालवावी लागली. परंतु ज्या मालाच्या भरंवशावर कर्ज काढिलें, त्याचें पुढें काय होतें हें त्यांच्या जिभेस एकदांही कळलें नव्हतें. ऊंस लावणारा गुऱ्हाळावर बसून गूळ चाखतो, आंबा लावणारा पहिला पाड स्वतः खातो. वाईनचीं द्राक्षें लावणारा मात्र ब्रिक्सचा आंकडा वाचून गप्प राहतो. ही गोष्ट आम्हांस बरी वाटली नाहीं. सबब आम्ही चौघे सभासद एका मळ्यावर जमलों आणि नऊ बाटल्या चाखून पाहिल्या.

आरंभींच एक खुलासा केलेला बरा. सन 2022 च्या जानेवारींत राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकूं देण्याचा निर्णय घेतला, त्या वेळीं वाईन ही दारू नव्हे असें पुष्कळांनीं सांगितलें. आमचें मत तसें नाहीं. पक्क द्राक्षांत 22 ते 24 ब्रिक्स साखर उतरली, कीं तिच्या आंबण्यानें साधारण 12 ते 13 टक्के मद्यार्क होतो, व तो मद्यार्कच होय. ज्यांच्या घरीं हा पदार्थ चालत नाहीं त्यांनीं तो चालूं करावा, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. हा लेख जे घेतातच त्यांच्यासाठीं, आणि विशेषेंकरून जे पिकवितात त्यांच्यासाठीं आहे.

नऊही बाटल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून त्यांवर आंकडे घातले. कोणती कोणाची हें फक्त मळ्याच्या मालकांस ठाऊक होतें, व ते स्वतः चाखणाऱ्यांत नव्हते. घोट तोंडांत खेळवून तस्तांत टाकावयाचा, मध्यें साधे कुरमुरे व पाणी घ्यावयाचें, आणि मत कागदावर लिहिल्याखेरीज बोलावयाचें नाहीं, असा नियम केला. तो दोन घटकाही टिकला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

पांढऱ्या वाईनींत सर्वांत अधिक गुण सुला यांच्या शेनिन ब्लांस पडले. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरांत हा कारखाना उभा राहिला आणि 2000 सालीं त्याची पहिली वाईन बाजारांत आली. ही शेनिन किंचित गोड ठेवलेली असते. पिकलेल्या पेरूची आठवण व्हावी असा तिचा वास आहे, आणि गोडीच्या मागें आंबटपणा असल्यामुळें ती मिळमिळीत होत नाहीं. आपल्याकडील तिखट रश्श्याबरोबर कोरडी वाईन तोंडांत कडवट लागते, तेथें ही चालते. बाटली हजार रुपयांच्या आंत मिळाली. यॉर्कची शेनिनही तिच्या मागोमाग होती. ज्यांस गोडी नको असेल त्यांनीं सोव्हिन्यों ब्लां घ्यावी. तिचा वास हिरव्या ढोबळ्या मिरचीचा व नुकत्याच कापलेल्या गवताचा येतो. आमच्यांतील एकास तो फार आवडला व दुसऱ्यास तो गोठ्याचा वाटला.

शेनिनची गोष्ट शेतकऱ्यानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ही जात मूळची फ्रान्समधील ल्वार नदीच्या थंड खोऱ्यांतली. परंतु उन्हाळ्यांतही मण्यांत आंबटपणा राखण्याचा तिचा स्वभाव असल्यामुळें ती आपल्या नाशिकच्या हवेंत नांदली. मात्र बाग खाण्याच्या द्राक्षासारखी लादली, तर सगळा गुण जातो. टॉमसनच्या बागेंत एकरीं 10 टन माल म्हणजे फार नव्हे. वाईनच्या बागेंत त्याच्या निम्म्यावर हात आवरावा लागतो. गोडी छाटणीनंतर घड विरळ करणाऱ्याच्या जिवावर येतें, हें आम्हांस ठाऊक आहे. पण पाणचट मण्यांची वाईन पाणचटच होते; आम्हीं चाखलेल्या नऊंत तशी एक होती आणि चौघांनींही तिला शेवटचा नंबर दिला. गंमत अशी कीं, ती परदेशची निघाली, व किंमतींत जकातीचा वांटा मिळून सर्वांत महाग होती.

तांबड्या वाईनींत आमचा कौल सोलापूर जिल्ह्यांतील अकलूजकडच्या फ्रातेली यांच्या सांजोव्हेजेस पडला. इटलींतील सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन भावांच्या जोड्यांनीं मिळून हा कारखाना काढिला, आणि फ्रातेली या शब्दाचा इटालियनमध्यें अर्थच भाऊ असा आहे. सांजोव्हेजे ही तस्कनी प्रांताची जात. वाईन हलकी, तांबडी, आंबुस असून घशाला ओढ न लावणारी आहे; मटणाबरोबर उत्तम. हीही हजाराच्या आंत मिळाली. ओक लांकडाच्या पिंपांत मुरविलेली सुलाची दिंडोरी रिझर्व शिराझ अधिक भारदस्त आहे; मिरीचा व जांभळाचा भास तिच्यांत होतो. पण ती हजारावर जाते. सणासुदीस एखादी आणावी, रोजच्या हिशेबांत ती बसत नाहीं.

एक बाटली फुकट गेली, तिचें कारण सांगतों. ती ज्या दुकानांतून घेतली त्याच्या मांडणीवर दुपारचें ऊन येत होतें. आंतली वाईन शिजलेल्या मुरंब्यासारखी लागली. यांत कारखान्याचा दोष नाहीं. घेतांना बाटलीवर पिकाचें साल पाहावें. साध्या पांढऱ्या वाईनचें साल दोन वर्षांहून जुनें असेल तर ती सोडावी. तांबडी वाईन घरांतल्या हवेइतकी ठेवावी असें पुस्तकांत असतें, पण तें थंड देशांतल्या घरांविषयीं आहे. आमच्याकडे चैत्रांत माजघर 35 अंशांवर जातें. तांबडी बाटली फ्रिजमध्यें ठेवून 16 ते 18 अंशांवर आणावी. पांढरी 8 ते 10 अंशांवर प्यावी. उघडलेली बाटली टोपण लावून थंड जागीं ठेविल्यास दोन-तीन दिवस चालते, पुढें ती शिरक्याकडे झुकते.

निफाडच्या गृहस्थांनीं शिराझचा पेला तीन वेळां तोंडास लाविला. मग आपल्या जुन्या बागेच्या शेनिनवर येऊन ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. साधारण सव्वा किलो द्राक्षांची एक बाटली होते, हा हिशेब आम्हीं त्यांस कागदावर करून दिला, व आपल्याला किलोमागें काय मिळणार तें त्याच्याशेजारीं लिहावयास सांगितलें. तो कागद खिशांत घालून ते गेले. आठ दिवसांनीं त्यांचा निरोप आला : शिराझ एकच एकर लावणार, परंतु दर, उचलण्याची तारीख आणि माल न उचलल्यास द्यावयाची भरपाई या तीन गोष्टी करारांत लिहून येईपर्यंत खड्डे खणणार नाहींत. कारखान्याचें उत्तर हा अंक छापावयास जाईपर्यंत आलेलें नव्हतें.