बारा जागा

नांदेडहून लातूरला जाताना लोह्याच्या पुढच्या एका गावात चहाला थांबले होते. ग्रामपंचायतीच्या फलकावर ग्रामसभेची सूचना डकवलेली होती आणि तळाशी, शिक्क्याच्या शेजारी, दोन शब्द होते: 'दवंडी दिली'. दवंडी मला राजाच्या गोष्टीतली ठाऊक. इथं ती सरकारी कागदावर होती. कोण देतं, असं चहावाल्याला विचारलं, तर त्यानं समोरच्या गल्लीकडं बोट केलं. पुढच्या ग्रामसभेच्या आठवड्यात मी मुद्दाम परत गेले.

दवंडी देणारे मामा सत्तरीला टेकलेले. सकाळी सहाला अंगणात तुराट्या पेटवून हलगी शेकत बसले होते. कातडं तापलं की एक वास सुटतो, थोडा धुराचा, थोडा जळक्या केसांचा. त्या वासानं मला तिथंच बसवलं. मामा हलगी जाळावर धरायचे, बोटानं टिचकी मारायचे, कान लावायचे, पुन्हा धरायचे. "गार हलगी बोलत न्हाई बगा," म्हणाले. "आन् बारा जागा हायत. एक जरी चुकली तर लोक विचारतेत."

चावडी, मारुतीचा पार, मशिदीचा कोपरा, शाळा, बौद्धवाडा असं करत शेवटी गावाबाहेरचा तांडा. बारा जागा त्यांच्या वडलांनी ठरवल्या. एका जागेचा आवाज विरतो तिथं दुसरी जागा, एवढाच हिशेब. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. आधी हलगी, मग 'ऐका हो ऐका', मग वार, वेळ, ठिकाण आणि विषय. मिनिटभराचं काम. भाकरी थापणारी बाई हात न थांबवता ऐकते, गोठ्यातला माणूस शेण काढता काढता ऐकतो.

आपल्याकडं लोकांना कळवण्याला शब्द पुष्कळ आहेत आणि शब्दागणिक कळवणारा बदलतो. पेपरातलं जाहीर प्रगटन वकिलाचं. त्यात जमिनीच्या चतु:सीमा असतात, आणि ज्याला हरकत घ्यायची तो बहुधा ते पान उघडतच नाही. जाहीरनामा आता पक्षांचाच उरला. डांगोरा कधीकाळी दवंडीचा सख्खा भाऊ होता, आज तो स्वतःच्या मोठेपणाचाच पिटतात. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, राज्यकारभार उर्दूत चाले. म्हणून मशिदीच्या भोंग्यावरून जे कळवलं जातं त्याला गाव अजून एलान म्हणतं.

कायद्यानंही हलगी सोडलेली नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मिळकतीच्या जप्तीचा हुकूम ढोल वाजवून किंवा तिथल्या रीतीनं जाहीर करावा, असं आजही लिहिलेलं आहे. ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी द्यायची असते. कागदाला 'दवंडी दिली' एवढं लिहिलेलं पुरतं. "मागं मला ताप होता, आठ दिस अंथरुणात," मामा म्हणाले. "तरी कागदावर दवंडी पडलीच की." त्या दोन शब्दांवर माझा जीव जडला होता. हे ऐकल्यापासून ते मला खुपतात.

त्याच दिवशी दुपारी लातूर. क्लासेसच्या रस्त्यांवरच्या फ्लेक्सवर मुलांचे चेहरे गच्चीएवढे मोठे, त्याखाली गुण. 'लातूर पॅटर्न' दूरवर पोचला तो निकालांमुळं, आणि ते निकाल मिरवतात ते या फ्लेक्सवर. विद्यार्थ्याचा फोटो लावायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्या, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2024 मध्ये बजावलं. फलकाच्या आकाराचं भान सुटलं की काय होतं, तेही त्याच वर्षी दिसलं: 13 मे रोजी मुंबईत घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. चाळीस बाय चाळीस फुटांची मर्यादा असताना ते एकशेवीस बाय एकशेवीस होतं. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात शाईच्या वासानं डोळे चुरचुरतात. तिथली पोरं दिवसभर त्याच वासात उभी असतात. यंत्रातून वाढदिवसाच्या शुभेच्छा बाहेर येत होत्या, चाळीस चेहऱ्यांच्या. देणाऱ्याचाच चेहरा सगळ्यात मोठा. मामांनी बारा जागी स्वतःचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

परत गावात येऊन हे मी त्यांना कौतुकानं सांगायला गेले, तेव्हा त्यांनी हलगी भिंतीला टेकवली. "बारा जागी उभा राह्यलो, ताई. एकाबी जागी कुणी बसा म्हणलं न्हाई." पोरानं हलगी धरली नाही, हे बरं झालं असं त्यांना वाटतं. गावात ही हलगी पिढ्यान् पिढ्या कुणाच्या गळ्यात अडकवली गेली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. दवंडी टिकावी असं मला वाटतं, पण ती मामांच्या मुलानं द्यावी असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कळवण्याचं काम पंचायतीचं आहे, तर तिनं पगार देऊन, कुठल्याही घरातल्या माणसाला बारा जागी पाठवावं.

सूचना आता मोबाइलच्या गटावरही जाते. सरपंचांचा मुलगा ती पाठवतो, मराठीत. बारावी जागा मात्र तांड्याची. त्या सकाळी तिथं पोचेपर्यंत हलगी गार झाली होती, म्हणून मामांनी ती वाजवलीच नाही. दारातल्या म्हातारीनं बंजारा बोलीत काहीतरी विचारलं. मामा तिच्या ओट्याशी वाकले आणि वार, वेळ, ठिकाण, सगळं तिच्याच बोलीत पुन्हा सांगू लागले.