विश्लेषण : वजनाने हलक्या सायकलस्वाराला चाकात तारा किती हव्यात?

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणारे असोत की सांगली-मिरज भागातल्या सपाट रस्त्यांवर पहाटे पन्नास किलोमीटर मारणारे. सायकलीवर दोन-तीन वर्षे काढली की अनेकांना कंपनीची तयार चाके सोडून आपल्या मापाची चाके बांधून घ्यावीशी वाटतात. तेव्हा पहिला प्रश्न येतो तो तारांचा, म्हणजे स्पोकच्या संख्येचा. वजन 50-55 किलो असेल तर ‘तुम्हाला कमी तारा चालतील, चाक हलके होईल’ असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

जुन्या सायकलीला 32 आणि 40 तारा का?

28 इंची काळ्या सायकलीच्या तारा मोजल्या तर पुढे 32 आणि मागे 40 भरतात. ही मूळची ब्रिटिश पद्धत, भारतीय कारखान्यांनी तीच उचलली. अमेरिकेत मात्र दोन्ही चाकांना 36 तारांची चाल पडली. मागे आठ तारा जास्त असण्याचे कारण सरळ आहे. सायकल आणि स्वाराच्या एकूण वजनापैकी 60 टक्क्यांच्या आसपास मागच्या चाकावर येते, पायडलचा जोर तेथेच लागतो आणि आपल्याकडे कॅरिअरवर दुधाचे कॅन, दळणाचा डबा, कधी माणूसही बसतो. हा हिशेब शर्यतीचा नव्हता, ओझ्याचा होता. आज रेसिंग सायकलींना 20, 24 किंवा 28 तारा सर्रास दिसतात.

तार नेमके काय काम करते?

बैलगाडीच्या चाकात भार खालच्या लाकडी आऱ्यावर उभा राहतो. सायकलची दोन मिलिमीटरची तार तशी उभी राहूच शकत नाही, वाकून जाईल. म्हणून ती आधीच ताणून बसवतात. चांगल्या बांधलेल्या चाकात एकेका तारेवर साधारण 100 ते 120 किलोचा ताण असतो. चाक फिरताना जमिनीजवळ आलेल्या तीन-चार तारांचा ताण थोडा उतरतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा चढतो. अमेरिकी अभियंते जॉब्स्ट ब्रँट यांनी 1981 मध्ये आलेल्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे गणित सविस्तर मांडले.

रेसिंग सायकलचे चाक एका फेरीत सुमारे 2.1 मीटर जाते. सातारा ते सांगली हे अंतर 120 किलोमीटर धरले तर 57 हजारांहून अधिक फेऱ्या होतात, आणि प्रत्येक तार तितक्याच वेळा सैल-घट्ट होते. तार तुटते ती सहसा या थकव्याने, आणि तीही हबच्या छिद्रात जेथे वळते त्या कोपरापाशी. एखाद्या खड्ड्याने तार ताडकन तुटल्याची उदाहरणे त्या मानाने कमी. स्वार हलका असेल तर ताणाची ही चढउतार लहान राहते. 55 किलोचा स्वार, सायकल आणि पाणी मिळून 66 किलो झाले तर मागच्या चाकावर 40 किलो येतात. स्वार 85 किलोचा असेल तर 58 च्या आसपास. म्हणजे हलक्या माणसाला सूट आहे, पण ती ताण नीट भरलेल्या चाकालाच. सैल बांधलेले 36 तारांचे चाक नीट बांधलेल्या 24 च्या आधी कुरकुरू लागते.

तारा कमी केल्याने किती वाचते?

निप्पलसह एक तार सात-आठ ग्रॅमची. 32 वरून 24 वर आले तर एका चाकामागे साधारण 60 ग्रॅम, दोन्ही मिळून 120 ग्रॅम वाचतात. बाटलीतले काही घोट पाणी. 66 किलोच्या एकूण वजनात हे 0.2 टक्केही नाही. तासाभराच्या चढावर फरक पडतो सहा-सात सेकंदांचा. सपाटीवर कमी तारा वारा कमी कापतात हे खरे, पण तो लाभ ताशी 35-40 किलोमीटरचा वेग धरून ठेवणाऱ्यालाच जाणवतो.

शिवाय कमी तारांना मजबूत, म्हणजे सहसा खोल आणि जड रिम लागते. तारांत वाचवलेले ग्रॅम तेथे परत जातात. ‘जास्त तारांचे चाक कडक लागते’ ही तक्रारही टायरच्या खाती टाकावी. हलके स्वार हवा गरजेपेक्षा जास्त भरतात आणि दोष चाकाला देतात. 28 मिलिमीटरचा टायर आणि थोडी कमी हवा, एवढ्याने कमी तारांपेक्षा जास्त आराम मिळतो.

मग अडचण कोठे येते?

तार तुटल्यावर. 36 तारांच्या चाकात एक तार गेली तर चाक थोडे आऊट होते, पण घरी पोहोचता येते. 20 तारांच्या चाकात शेजारच्या तारांवर एकदम मोठा भार येतो, रिम इतकी वाकडी होते की ब्रेकला घासून थांबते. डिस्क ब्रेक असेल तर घासायला पॅड नसतो, पण चाक फ्रेमला लागू शकते. कासच्या उतारावर ही वेळ आली तर प्रश्न सेकंदांचा राहत नाही. 200 किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तासांची मुदत असते आणि बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर घेता येते. तेथे कमी तारा हा जुगार आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात जाणाऱ्यांनाही हेच लागू.

मागच्या चाकाची आणखी एक भानगड आहे. उजवीकडे गिअरची चकती असल्याने रिम मध्यावर आणण्यासाठी उजव्या तारा घट्ट आणि डाव्या जवळजवळ निम्म्या ताणाच्या ठेवाव्या लागतात. डाव्या तारा सैलच असतात, म्हणून त्या आधी थकतात. स्वार हलका असला तरी ही असमानता जात नाही. म्हणून कपात करायचीच तर पुढच्या चाकात करावी.

55 किलोला कोणता आकडा बरा?

रिम ब्रेक, ओझे नाही, रस्ता बरा : पुढे 24, मागे 28. डिस्क ब्रेकला दोन्हीकडे 28, कारण ब्रेकचा पीळ हबमधून तारांवर येतो. अशा चाकात तारा एकमेकींना छेदूनच भराव्या लागतात, सरळ किरणांसारख्या चालत नाहीत. बॅग बांधून लांबचा प्रवास किंवा रोज ऑफिसला जाणे असेल तर 28 आणि 32, किंवा सरळ 32-32. 20 च्या खाली जाण्यासारखे या रस्त्यांवर काही नाही.

दुकानात काय विचारावे?

हब आणि रिमची छिद्रे सारखी आहेत का, हे आधी. 32 आणि 36 छिद्रांचा माल सहज मिळतो. 24 किंवा 28 साठी पुणे-मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावे लागू शकते, आणि बदली रिम मिळवतानाही तीच वणवण. पुढचा प्रश्न : ताण मोजायचे मीटर आहे का? नसेल तर निदान डावी-उजवी बाजू वेगवेगळी तपासणारा, सावकाश आऊट काढणारा कारागीर हवा. पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर चाक पुन्हा तपासून घ्यावे. मागच्या चाकाच्या डाव्या-उजव्या तारांची लांबी सहसा वेगळी असते, ती मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी आणि प्रत्येक मापाच्या दोन तारा निप्पलसह फ्रेमला टेपने चिकटवून ठेवाव्यात. उंब्रजला किंवा इस्लामपूरला रविवारी सकाळी त्या मापाची तार मिळेलच असे नाही.