गोलकीपरच्या आईचा शनिवार

पहाटे ४:२०
नगरच्या बोल्हेगावात दहा बाय बाराची खोली, पुढं पत्र्याची पडवी. ती उठते तेव्हा नवरा कामावरून यायचा असतो. नागापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार, या आठवड्यात रात्रपाळी. एका शेगडीवर चहा, दुसरीवर बटाटे. लेकीचा डबा आत्ताच भरायचा, नंतर वेळ नाही.

कोपऱ्यात खताची गोणी आहे. तिच्यात गोलकीपरचं सामान: पायाचे पॅड, किकर, छातीचं गार्ड, हातमोजे, हेल्मेट. सामान शाळेचं. सामन्याच्या आदल्या दिवशी ते गोलकीपरच्या घरी येतं. एका पॅडचा पट्टा तुटला होता. मोची चाळीस रुपये सांगत होता. काल रात्री तिनंच दाभण आणि सुतळी घेऊन तो शिवला. शिवण वाकडी आहे, पण ओढून बघितली तर हलत नाही.

लेक नववीत. १७ वर्षांखालच्या मुलींच्या गटात आज जिल्ह्याच्या शालेय हॉकी स्पर्धा. अजून झोपली आहे. "झोपू दे. सहाला उठवायला तिचा बाप येतोच," असं म्हणून ती चप्पल घालते.

५:०५
ती काम करते त्या मेसवरून ऐंशी पोरांचे डबे जातात. सगळी कंपन्यांतली; बीड, परभणी, बिहार, कुठली कुठली. माणशी चार चपात्या, म्हणजे सव्वातीनशे. कणीक अकरा किलो. मळायला यंत्र आहे, लाटायला नाही. बाया दोन. एक लाटते, दुसरी भाजते. तासाभरानं जागा बदलतात, कारण सलग दोन तास तव्यापुढं उभं राहिलं की डोळ्यांची आग होते.

लाटताना ती बोलत नाही. लाटणं दोनदा पुढं, एकदा फिरव, उचल, टाक. अर्ध्या मिनिटाला एक चपाती सहज होते. उजव्या मनगटाला काळा धागा आणि त्याच्यावर क्रेप बँडेज. बँडेज लेकीच्या खेळाच्या पिशवीतलं.

दोन्ही वेळचे मिळून महिन्याला साडेनऊ हजार. एका वेळचा खाडा झाला की दीडशे कापतात.

७:४५
शेवटचा डबा बंद होतो. ती मालकीणबाईंना सांगते, "काकू, आज लेकीची मॅच आहे. संध्याकाळी वेळेवर येते."
"जिंकली तर पेढे आण. आणि साडेपाच म्हणजे साडेपाच. मागच्या वेळी सहा वाजवलेस तू."

८:३०
शेअर रिक्षा. माणशी वीस रुपये. रिक्षावाला गोणीचंही सीट धरतो. दोन मिनिटं घासाघीस होते. शेवटी गोणी मांडीवर घ्यायची ठरते. निम्मी आईच्या, निम्मी लेकीच्या. स्टिक बाहेर काढून धरलेली. लाकडी, सहाशे रुपयांची, टोकाला तीनदा टेप गुंडाळलेली. फायबरची अठराशेच्या पुढं जाते. ती लेकीनं अजून मागितलेली नाही. "गोलीला काय करायचीय?" असं लेकच म्हणते. हे खरं, की घरचं बघून बोलते, हे सोबत असलेल्या मला कळलं नाही.

९:१०
भिंगारच्या बाजूचं मैदान. रात्री पाऊस झालाय. मुरमाच्या मैदानात एका गोलपुढं पाणी साचलंय, आणि डीच्या रेषेवर कालची फक्की पिठासारखी भिजून बसली आहे. दोन पोरं घमेल्यानं पाणी उपसतायत. पहिला सामना नऊचा होता. आता पंच म्हणतात, "बारानंतर बघू."

मेसवरून धावत यायची गरज नव्हती, हे आता कळतं. ती काही बोलत नाही. गोणी लिंबाच्या झाडाखाली ठेवते आणि तिच्यावरच बसते.

९:४५
झाडाखाली पालक जमतात. वीस-बावीस जण, त्यांत बाया सात. बाकीच्या मुली शिक्षकांच्या भरवशावर आल्या आहेत. राहुरीकडून एक जीप आली आहे. पहाटे सहाला निघाली, बारा मुली, माणशी दीडशे रुपये. शाळेला जायचा मुलींचा एसटी पास फुकट असतो, अहिल्याबाई होळकर योजनेतला. पण तो गाव ते शाळा एवढाच. सामन्याला चालत नाही. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा सोबत यायला आई परवडते, बाप महाग पडतो. त्या जीपमधल्या एका आईनं हे हसत हसत सांगितलं. पण मला ते मनोमन पटलं. झाडाखाली बायांची संख्या वाढण्याचं एक कारण हेही असणार.

मग गप्पा. मी विचारलं एवढंच, की पोरीनं हॉकी का खेळायची?

राहुरीकडचे एक ऊसवाले शेतकरी लगेच मोबाइल काढतात. "फलटणच्या पोरी बघा. आमच्यासारखंच गाव." त्यांचं बरोबर आहे. आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे, दोघी फलटण तालुक्यातल्या, दोघी भारताकडून खेळल्या. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं, त्या संघात वैष्णवी होती. "भारताकडून नको," शेतकरी म्हणतात, "पोलीस भरतीला उपयोग झाला तरी पावलं." सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण जिल्ह्याच्या प्रमाणपत्रावर काही होत नाही, त्याची पडताळणी असते, हेही त्यांना ठाऊक आहे. त्यांनी आधीच चौकशी केलेली दिसते.

भिंगारचे एक निवृत्त हवालदार नातीसोबत आले आहेत. ते नोकरीचं बोलतच नाहीत. "एलिझा नेल्सन. पुण्याची. ब्याऐंशी साली दिल्लीत एशियाडचं सोनं, आणि ती कॅप्टन. आम्ही युनिटमध्ये रेडिओवर ऐकलं होतं." नातीनं खेळावं, कारण खेळ चांगला आहे. एवढं साधं उत्तर दिवसभरात दुसऱ्या कुणी दिलं नाही. पेन्शन असली की असं उत्तर देता येतं, हेही खरं.

एक आई सरळ सांगते, "दहावीपर्यंत खेळू द्यायची."
"मग?"
"मग बघू."
हे 'बघू' झाडाखाली तिघी-चौघींच्या तोंडून निघालं. काळी पडली, असं आजी म्हणते. दात गेला तर कोण बघेल? हॉकीचा चेंडू दीडशे ग्रॅमच्या वर भरतो, आणि तो टणक असतो. दातांवर लावायचं गार्ड शंभर-दीडशेला मिळतं, पण अर्ध्या मुलींकडे नाही. आणखी एकीचं म्हणणं, खेळाला आपली ना नाही, मुक्कामाला आहे. रात्री कुठं झोपणार, सोबत बाई शिक्षिका आहे का, दाराला आतून कडी आहे का?

आमची मेसवाली एवढा वेळ गप्प. मग म्हणते, "माझी गोलीच बरी. हेल्मेट तेवढं तिलाच आहे."
सगळे हसतात. ती हसत नाही. तिनं खरोखरच हा हिशेब करून लेकीला गोलात उभं राहू दिलंय. दोन वर्षांपूर्वी लेक पुढं खेळायची. एकदा नडगीवर बसला, पंधरा दिवस लंगडत होती. शिन गार्ड अडीचशेचे होते, घेतले नव्हते.

११:३०
मैदानाला स्वच्छतागृह आहे. त्याला कुलूप आहे. किल्ली ज्याच्याकडे आहे तो साडेबाराला येणार. मुली तिघी-तिघींनी मिळून समोरच्या वस्तीत जातात. एका घरातली बाई दार उघडते, पाण्याची बादलीही देते. दोन आया प्रत्येक खेपेला सोबत जातात. पाळी असलेल्या दोन मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. एक शिक्षिका त्यांच्यावर ओरडते, मग स्वतः त्यांना घेऊन जाते.

पालकांचं मत काय, असं कुणी विचारलं तर मी हे कुलूप दाखवीन.

१२:५०
पहिला सामना. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव. गोलकीपरला तयार करायला दोन माणसं लागतात. ती पाय पुढं करून बसते, आई पॅडचे पट्टे ओढते, मागून एक मैत्रीण छातीचं गार्ड बांधते. फोम जुना आहे, पाणी धरतो. हेल्मेट मोठं होतं म्हणून आत दुमडलेला रुमाल.

चिखलात चेंडू पळत नाही. मुली जोरात मारतात, चेंडू चार हात जाऊन रुततो. मग सात-आठ स्टिका एकाच जागी. पंचांची शिट्टी. पुन्हा तेच. टर्फवर शिकलेला खेळ इथं उपयोगाचा नाही, आणि इथं शिकलेला टर्फवर. या मुलींना हा फरक पुढं नडणार आहे. शालेय स्पर्धांत नगर पुणे विभागात येतं. पुणे, नगर, सोलापूर. जिल्हा जिंकला की समोर पुणं. तिथल्या मुली बालेवाडीच्या, पिंपरीच्या टर्फवर सराव केलेल्या.

तीन शॉर्ट कॉर्नर लेकीच्या वाट्याला येतात. दोन पॅडवर बसतात, एक बाहेर जातो. किकरला चिकटलेला चिखल ती स्टिकनं खरवडते. शिवलेला पट्टा टिकतो. १-० नं जिंकतात. आई टाळ्या वाजवत नाही. पदराचं टोक मुठीत धरून उभी असते, शेवटच्या शिट्टीला सोडते.

२:१५
डबा. बटाट्याची भाजी, सहा चपात्या, पैकी दोन दुसऱ्या शाळेच्या गोलीला. कारण पुढचा सामना तिचा आहे आणि तिच्या शाळेकडे पॅड नाहीत. हेच ओले पॅड आता तिच्या पायात. हेल्मेटही तेच. रुमाल तेवढा बदलला. पूर्ण सामान नवं घ्यायचं तर वीस हजारांच्या पुढं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी दिल्याशिवाय जिल्ह्याची स्पर्धाच होणार नाही.

आई बोटांवर हिशेब करते. रिक्षा चाळीस, परतीचे चाळीस. केळी तीस. चहा दोन, वीस. एकशे तीस. संध्याकाळी उशीर झाला तर आणखी दीडशे.

सर येतात. "ताई, फायनल साडेतीनला धरा."
"सर, मला पाच वाजता निघायला लागंल."
"होऊन जाईल तोवर."

४:२०
फायनल सुरू होते. आधी एका पाहुण्यांची वाट, मग मुलींच्या रांगा, ओळखी, फोटो. भाषण लहान होतं, हे पाहुण्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं.

सातव्या मिनिटाला लेकीवर गोल होतो. चेंडू चिखलात अडकला असं समजून ती पुढं आली, आणि तो अडकला नाही. आईच्या शेजारी उभा असलेला कुणाचा तरी बाप ओरडतो, "गोली बदला!" आई त्याच्याकडे बघते. तो खोकतो आणि चार पावलं लांब जाऊन उभा राहतो.

४:५०
मध्यंतर झालं, दुसरा डाव सुरू व्हायचाय. ०-१. आई लेकीजवळ जाते, पट्टे पुन्हा आवळते. "मी निघते. जीपवाल्या काकू तुला नाक्यापर्यंत सोडतील. गोणी विसरू नको."
"जा तू."
एवढंच बोलणं. मीही तिच्याबरोबर रिक्षात बसलो. दुसरा डाव आम्ही दोघांनी पाहिला नाही.

५:३५
मेस. पाच मिनिटं उशीर. काकू घड्याळाकडे बघतात, बोलत नाहीत. संध्याकाळी कणीक तेवढीच, वर भात. ती आधी भाजायला उभी राहते. लाटायला मनगट तयार नाही. मोबाइल पिठाच्या डब्यावर, पडदा वर करून ठेवलेला.

५:५५
सरांच्या फोनवरून लेक. २-१. दुसऱ्या डावात दोन गोल, दोन्ही एकाच मुलीचे. आपण किती अडवले ते लेक सांगत नाही, आई विचारतही नाही. "जेवलीस का?" विचारते. मग काकूंना म्हणते, "जिंकल्या." काकू गल्ल्यातून पन्नासची नोट काढतात. "पेढे तूच आण. पाव किलो येणार नाहीत, येतील तेवढे आण."

९:१०
घर. नवरा पुन्हा कामावर गेलाय, जाताना गोणीतलं सामान पडवीत वाळत घालून गेलाय. सोमवारी ते शाळेत द्यायचं. लेकीच्या हातात संमतीपत्र आहे. विभागीय स्पर्धा पुण्यात. सकाळी आठला हजेरी, म्हणजे नगरहून पहाटे चारला तरी निघायचं, नाहीतर आदल्या रात्री मुक्काम.

आई कागद दोनदा वाचते. "बाई कोण आहेत सोबत?"
लेक नाव सांगते. आई सही करते.
"आणि पुढच्या वर्षी दहावी," लेक स्वतःच म्हणते.
"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

आज तिचे एकशे तीस गेले, पन्नास आले, खाडा वाचला. फायनलचा दुसरा डाव बुडाला. जिल्ह्यात, तालुक्यात मुलींचे सामने भरवणारे कुणी हे वाचत असतील, तर त्यांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पाऊस पडला की सकाळी सहालाच सामन्याची नवी वेळ पालकांच्या फोनवर कळवा. आणि स्वच्छतागृहाची किल्ली आदल्या संध्याकाळीच ताब्यात घ्या.