प्रवाहाचें गणित सर्वांस खुलें

नळांतलें पाणी व विमानाच्या पंखावरील हवा ज्या समीकरणांनीं बांधलेलीं आहेत, तीं नेव्हिए व स्टोक्स यांनीं एकोणिसाव्या शतकांतच मांडलीं. परंतु तीं सोडविणें बहुधा हाताबाहेरचें. म्हणून प्रवाहाचे लक्षावधि लहान कप्पे कल्पून, प्रत्येकांत किती आलें व किती गेलें याचा जमाखर्च संगणकाकडून मांडवून घेतात. कप्पे जाड पाडले, तर चित्रें मोहक आणि उत्तर खोटें!

या कामाची 'ओपनफोम' ही आज्ञावली लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत १९८९च्या सुमारास हेन्री वेलर प्रभृतींच्या हातून आकारास येऊं लागली. कांहीं काळ ती विकली जाई. २००४ सालीं मूळ संहितेसह ती सर्वांस विनामूल्य देण्यांत आली. बाजारांतील आज्ञावलींचें शुल्क लहान महाविद्यालयांस झेपत नाहीं, हें तर झालेंच. पण उत्तर कसें आलें तें येथें ओळ न् ओळ तपासतां येतें, याचें मोल आम्हांस अधिक वाटतें. धरणाच्या सांडव्याचें भवितव्य ज्यावर ठरावयाचें, तें गणित बंद पेटींत कां असावें?

शिकण्यास ती कठीण खरी. खिडक्या-बटणें नाहींत, सारें फायलींत लिहावें लागतें. पवईच्या आय. आय. टी.तील 'फॉसी' प्रकल्पानें तिचे बोलके पाठ सर्वांसाठीं ठेवले आहेत. घरांतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीं ते अवश्य पाहावेत.